सभेचे मौन : ‘युगान्ता’तील एका निकालाविषयी

इरावती कर्व्यांचा ‘युगान्त’ १९६७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. महाभारतावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. तरीही या बेताच्या आकाराच्या ग्रंथाची जागा दुसऱ्या कोणी घेतली, असे म्हणवत नाही. कर्वेबाईंनी महाभारताकडे भाविकाच्या नजरेने पाहिले नाही आणि उपहासाच्या नजरेनेही पाहिले नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती पुढे ठेवून त्यांनी त्यातील माणसांना माणसे म्हणून प्रश्न विचारले. भीष्मासारख्या पितामहालाही त्यांनी सोडले नाही. हा ग्रंथ मी प्रथम वाचला तो हैदराबादेत कायद्याचा विद्यार्थी असताना. प्रमाणग्रंथांपुढे मान तुकवण्याची सवय लागण्याच्या वयात त्याने मला प्रमाणांची उलटतपासणी करावयास शिकवले. त्या ऋणाची जाणीव ठेवूनच पुढील मजकूर लिहीत आहे.

या ग्रंथातील एक निकाल मला त्या वेळी पटला नाही आणि वीस वर्षांच्या वकिलीनंतर आजही पटत नाही. तो निकाल द्रौपदीविरुद्ध आहे. द्यूतसभेत ओढून आणल्यावर द्रौपदीने जो प्रश्न विचारला, तो विचारण्यात तिची मोठी चूक झाली, असे बाईंचे मत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या ठिकाणी वडीलधारी माणसे बसली आहेत, त्या ठिकाणी सुनेने कायद्याचा काथ्याकूट करावा हे योग्य नव्हते. तिने आपले पांडित्य दाखवले. त्याऐवजी क्षत्रियांच्या शीलाला आणि माणुसकीला आवाहन करावयास हवे होते. शिवाय तिच्या प्रश्नाला कोणतेही उत्तर मिळाले असते तरी त्यात तिचेच अहित होते. नवरा दास झाल्यावर त्याचा बायकोवरील हक्क संपला असे म्हणावे, तर ती अनाथ होते. हक्क उरतो असे म्हणावे, तर ती दासी होते. अशा पेचात तिने भीष्माला टाकले आणि धर्मराजाला भरसभेत मान खाली घालावयास लावली.

एवढ्या जुन्या खटल्यात आता अपील कशाला, असे कोणी विचारील. पण अशा खटल्यांना मुदतीचा कायदा लागू होत नाही. शिवाय आपल्याकडे हल्ली कोणताही नैतिक पेच उभा राहिला की ‘धर्म काय सांगतो’ असे विचारण्याची पुन्हा प्रथा पडली आहे. विचारणाऱ्यांना बहुधा तयार उत्तर हवे असते. द्यूतसभेच्या प्रसंगात असे उत्तर नाही, पण एक नियम आहे, आणि तो नियम त्या सभेपेक्षा आपल्यालाच अधिक अडचणीत टाकणारा आहे. तो नीट पाहावयाचा तर प्रथम मूळ दप्तर उघडले पाहिजे.

घटनांचा क्रम ध्यानात घ्यावा. द्रौपदीचा प्रश्न प्रथम उच्चारला गेला तो सभेत नव्हे, तर अंतःपुरात. प्रातिकामी नावाचा सूत तिला न्यावयास आला, तेव्हा तिने त्याला परत पाठवले आणि सांगितले की, त्या जुगाऱ्याला विचारून ये, तो आधी स्वतःला हरला की मला? धर्मराज काही बोलला नाही. मग तिने तोच प्रश्न सभेला विचारावयास लावला. सभेने माना खाली घातल्या. त्यानंतरच दुःशासन उठला आणि केसांना धरून तिला ओढत आणण्यात आले. पांडित्य मिरवण्यासाठी सभा हवी असते. येथे सभेत न जाण्यासाठी प्रश्न विचारला गेला होता. वकिलाच्या भाषेत बोलावयाचे तर ही अधिकारक्षेत्राची हरकत होती. मला बोलावण्याचा अधिकारच तुम्हाला आहे काय, एवढेच ती विचारीत होती. ही हरकत पहिल्या क्षणी घेतली नाही तर ती सोडून दिली असे धरले जाते, हे प्रत्येक वकील जाणतो.

दुसरी गोष्ट. माणुसकीला आवाहन तिने केले नाही, हे मूळ पाठाशी जुळत नाही. भरतांचा धर्म लयाला गेला असे ती रडत, संतापाने सांगते. स्वयंवराच्या मंडपाखेरीज जिला राजांनी कधी पाहिले नाही तिला सभेत उभे करता, हा कोणता सनातन धर्म, असे ती विचारते. तिने अश्रूही ढाळले आणि युक्तिवादही केला. अश्रूंचा उपयोग झाला नाही. युक्तिवादाचा एवढा तरी झाला की सभेतील प्रत्येकाला आपली बाजू उघड करावी लागली.

त्या बाजू आता पाहू. भीष्म म्हणाला की धर्म फार सूक्ष्म आहे. ज्याची स्वतःवर सत्ता नाही त्याला दुसऱ्याचे काही पणाला लावता येत नाही, हे खरे. पण स्त्रिया नवऱ्याच्या अधीन असतात, हेही खरे. तेव्हा मला निर्णय करता येत नाही. कर्ण म्हणाला की धर्मराजाने सर्वस्व लावले आणि द्रौपदी त्या सर्वस्वात मोडते. द्रोण गप्प राहिला. धृतराष्ट्राच्या शंभर मुलांपैकी विकर्ण हा एकटाच उठला आणि त्याने मुद्देसूद उत्तर दिले : मृगया, मद्य, द्यूत आणि स्त्रीसंग या व्यसनांत बुडालेल्या राजाचे कृत्य प्रमाण धरीत नाहीत, द्रौपदी पाचांची आहे, एकट्याची नव्हे, पण लावण्यापूर्वी धर्मराज स्वतःला हरलेला होता, आणि तिला पणाला लावण्याची सूचना त्याची नसून शकुनीची होती, म्हणून ती जिंकली गेलेली नाही. एखाद्या चांगल्या न्यायाधीशाने लिहावा असा हा निकाल आहे. कर्णाने त्याला पोर म्हणून गप्प केले.

यानंतर विदुर उभा राहिला. माझ्या समजुतीने संपूर्ण प्रसंगाचे मर्म त्याच्या भाषणात आहे, आणि बाईंच्या विवेचनात त्याला जे वजन मिळावयास हवे होते ते मिळालेले नाही. विदुराने द्रौपदीच्या प्रश्नाचे उत्तर काय असावे याची चर्चा मुळी केलीच नाही. प्रश्न विचारला गेल्यावर सभेचे कर्तव्य काय, हे त्याने सांगितले. त्यासाठी त्याने एक जुनी कथा सांगितली. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसाचा मुलगा सुधन्वा यांनी आपल्यात श्रेष्ठ कोण यावर प्राणांची पैज लावली आणि निवाडा मागावयास ते प्रल्हादाकडेच आले. मुलाचा जीव पणाला लागलेला. प्रल्हादाने कश्यपाला विचारले की, ज्याला ठाऊक आहे त्याने सांगितले नाही तर काय होते? कश्यपाने हिशेब करून दाखवला. निंद्य गोष्टीची जेथे निंदा होत नाही, तेथे पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाकडे जातो, पाव वाटा करणाऱ्याकडे आणि पाव वाटा गप्प बसलेल्या सभासदांकडे. निंदा झाली, तर प्रमुख आणि सभासद दोघेही मोकळे होतात आणि सगळे पाप करणाऱ्यावर पडते. हे ऐकून प्रल्हादाने मुलाच्या विरुद्ध निवाडा दिला. सुधन्व्याने नंतर मुलाचे प्राण परत दिले, हा भाग वेगळा. निवाडा देताना प्रल्हादाला ते ठाऊक नव्हते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हाच हिशेब थोड्या फरकाने येतो. तेथे वाटे समान आहेत : कर्ता, साक्षी, सभासद आणि राजा यांना प्रत्येकी पाव. महाभारताने प्रमुखाचा वाटा दुप्पट केला आणि करणाऱ्याइतकाच वाटा मूक सभासदांवर ठेवला. मनूने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे : सभेत एक तर जाऊच नये, आणि गेल्यास खरे तेच बोलावे. गप्प राहणारा आणि खोटे बोलणारा हे दोघेही त्याच्या लेखी सारखेच दोषी.

आता ‘युगान्ता’तील निकालाकडे परत येऊ. प्रश्नाचे कोणतेही उत्तर द्रौपदीला हितकर नव्हते, म्हणून तो विचारणे चूक, असे बाई म्हणतात. मला वाटते, येथे त्यांनी प्रश्नाचे ओझे विचारणारीच्या डोक्यावर ठेवले. पेच तिने निर्माण केला नव्हता. तो त्या कायद्यातच होता. बायकोवर नवऱ्याची सत्ता आणि दासाची स्वतःवरही सत्ता नाही, ही दोन तत्त्वे त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदवली. ती एकमेकींवर आदळतील असा प्रसंग आला नव्हता. तो आला तेव्हा द्रौपदीने बोट ठेवून दाखवले, एवढाच तिचा अपराध. दयेची याचना केली असती तर कदाचित ती लवकर सुटलीही असती. पण दया मागणे म्हणजे समोरच्याचा अधिकार मान्य करणे होय.

ती तसे मानीत नव्हती, याचा पुरावा पुढेच आहे. अपशकुन झाले, धृतराष्ट्र भ्याला आणि त्याने तिला वर मागावयास सांगितले. पहिल्या वराने तिने धर्मराजाची दास्यातून सुटका मागितली, दुसऱ्याने इतर चौघांची, शस्त्रे आणि रथ यांसह. तिसरा वर तिने नाकारला. स्वतःची सुटका तिने मागितलीच नाही. सामान्यतः हा तिच्या निर्लोभी स्वभावाचा दाखला मानला जातो. मला त्यात एक पक्की भूमिका दिसते. जी दासी झालेलीच नाही तिने सुटका मागावयाची कशासाठी? मागितली असती, तर आधीच्या दास्याची ती कबुली ठरली असती. सगळे काही गमावण्याच्या घटकेलाही या बाईने आपले म्हणणे सोडले नाही.

आणि सभेने? सभेने शेवटपर्यंत उत्तर दिले नाही. चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा मजकूरही उरलेला नाही, तेव्हा देवाने निकाल दिला असेही म्हणता येत नाही. राजाने वर दिला आणि प्रकरण मिटले. वर हा निवाडा नव्हे. न्यायाने जे द्यावयाचे ते कृपेने दिले की देणारा मोठा होतो आणि प्रश्न मात्र तसाच राहतो. तो तसाच राहिला म्हणूनच लगोलग अनुद्यूत होऊ शकले, आणि जे सभेत ठरले नाही ते तेरा वर्षांनी कुरुक्षेत्रावर ठरवावे लागले.

येथवर मी द्रौपदीची वकिली केली. पण एके ठिकाणी मला थांबावे लागते, आणि तेथे बाईंची अस्वस्थता मला समजू शकते. ‘मी दासी आहे की नाही?’ असा प्रश्न आहे. त्यात एक गोष्ट गृहीत आहे : दासी असेन, तर तुम्ही करता ते रीतसर होईल. त्याच खेळात याच्या बऱ्याच आधी धर्मराजाने एक लक्ष दासी पणाला लावल्या आणि हरल्या. त्या डावानंतर कोणी प्रश्न विचारला नाही. विकर्ण उठला नाही, विदुराने त्यांच्यासाठी कथा सांगितली नाही, आणि द्रौपदीलाही त्यांची आठवण झाली नाही. सभेचा नियम उत्तम, पण कोणाच्या बाबतीत सभेने बोलावयाचे हे आधीच ठरून गेलेले होते. ज्या मनूने सभासदाला इतके कठोर शब्द ऐकवले, त्याच्याच ग्रंथात, त्याच अध्यायात, एकाच अपराधाला वर्णाप्रमाणे वेगवेगळ्या शिक्षा सांगितल्या आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले ते याचसाठी. त्या आगीचे कारण नाकारून ‘आमच्याकडे सगळे होते’ म्हणणारा मनुष्य धर्माचा उपयोग करीत नाही, धर्माची आरास मांडतो.

मग घ्यावयाचे काय? माझे उत्तर असे की, सभेचा नियम घ्यावा आणि ‘दासी की राणी’ हे कलम त्यातून काढून टाकावे. ही काही माझी नवी युक्ती नव्हे. आपल्याच परंपरेत एका सभासदाने तसे केलेले आहे. गोव्यातील साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून झालेल्या गृहत्यागाची कथा बाजूला ठेवली आणि शाक्य व कोलिय यांच्या भांडणात आप्तच आप्तांवर शस्त्र उगारतात हे पाहून सिद्धार्थाचे मन उडाले, असे प्रतिपादन केले. डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथात या प्रसंगाला सभेचे रूप दिले. रोहिणी नदीच्या पाण्यासाठी कोलियांशी युद्ध करावे असा ठराव शाक्यांच्या संघापुढे येतो. सिद्धार्थ त्याला विरोध करतो, मतदानात हरतो, युद्धात भाग घेण्याचे नाकारतो आणि परिव्रज्या पत्करून निघून जातो. इतिहास म्हणून याविषयी पंडितांत मतभेद असोत. नीतीचा दृष्टांत म्हणून तो द्यूतसभेच्या अगदी समोर ठेवण्याजोगा आहे. येथे सभासद बोलतो, आणि तो बोलतो ते आपल्या माणसासाठी नव्हे, तर ज्यांना शत्रू ठरवले जात आहे त्यांच्यासाठी. बोलणे निष्फळ ठरल्यावर तो सभा सोडतो. भीष्माला हे दोन्ही मार्ग मोकळे होते.

नियम तपासावयाचा तर तो आपल्या अंगणात तपासावा. माझे अंगण हैदराबाद आहे, आणि येथे १९४८ साली सभा भरली होती.

नोव्हेंबर १९४७ मध्ये निजामाने भारताशी ‘जैसे थे’ करार केला आणि पुढचे दहा महिने रझाकारांच्या दहशतीत गेले. या काळात सभेतून उठून बोलणारे निघाले. संस्थानातील वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार त्यांचे पुढारी होते. लायक अलींच्या मंत्रिमंडळातील जे. व्ही. जोशी यांनी परभणी आणि नांदेड भागातील अत्याचारांचा उल्लेख करून राजीनामा दिला. हे सर्व मराठी वाचकांना थोडेबहुत परिचित आहे. पण विकर्णाची खरी कसोटी विकर्ण कौरवांपैकी होता यात आहे. त्या कसोटीला उतरणारी माणसेही या शहरात होती. महसूल खात्यातील फरीद मिर्झा यांनी नांदेड जिल्ह्यात जे पाहिले ते सहन न होऊन नोकरी सोडली. सात मुसलमान गृहस्थांनी रझाकारांचा निषेध करणारे आणि भारतात विलीन व्हावे असे सांगणारे निवेदन काढले. फरीद मिर्झा त्यांच्यापैकीच होते. ते निवेदन ‘इमरोज’ या उर्दू पत्रात छापले गेले. त्याचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात रात्री घरी परतताना गाठून ठार मारण्यात आले. विकर्णाला पोर म्हणून गप्प बसवण्यात आले होते. शोएबुल्लाखानांना कशाने गप्प केले ते हैदराबादकरांना ठाऊक आहे. त्यांची नावे आम्ही अभिमानाने घेतो आणि घेतली पाहिजेत.

परंतु कथा येथे संपत नाही. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य आत शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली आणि दास्य संपले. त्यानंतरच्या दिवसांत कित्येक ठिकाणी मुसलमानांची कत्तल झाली. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरून अहवाल दिला. पोलिस कारवाईच्या वेळी आणि तिच्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळले, असे त्यांनी नमूद केले. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातील काही भाग पुढे अभ्यासकांनी उजेडात आणला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सर्वांना पाहावयास मिळू लागला तो २०१३ साली. म्हणजे पासष्ट वर्षे सभेने मान खाली घातली होती.

माझे आजोबा त्या काळी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी वकिली करीत. बहिष्काराच्या दिवसांत त्यांनीही काळा कोट खुंटीला अडकवला होता. ती हकीकत ते रंगवून सांगत, आणि आम्ही नातवंडे ती पुन्हा पुन्हा सांगावयास लावीत असू. एकदा मी विचारले, “आणि मग पुढे काय झाले, अण्णा?” ते म्हणाले, “पुढे काय व्हायचे! सैन्य आले, आपण सुटलो.” आणि त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला. त्यांच्या वाड्यामागे मोमिनांची आळी होती, असे आजी सांगत असे. मी पाहिली तेव्हा तेथे पडक्या भिंती होत्या. आजोबांनी काही वाईट केले असेल असे मला कधीही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. ते काही बोलले नाहीत, एवढेच. अहवाल माझ्या हाती आला तेव्हा ते जाऊन बरीच वर्षे झाली होती. मी त्यात त्यांच्या जिल्ह्याचे नाव वाचले आणि कश्यपाचा हिशेब प्रथमच मला श्लोकांतला न वाटता घरातला वाटला. पाव वाटा हा दंडनीय अपराध नव्हे. पण तो वारशात येतो.

कोणी म्हणेल, रझाकारांनी आधी जे केले त्याची ही प्रतिक्रिया होती. दिवाणी दाव्यात परस्परांच्या येण्यादेण्याची वजावट करता येते. खुनाच्या खटल्यात अशी वजावट कोणत्याही न्यायालयाने आजवर मान्य केलेली नाही. जे मारले गेले ते सगळे रझाकार नव्हते, आणि जे रझाकार होते त्यांच्यासाठीही न्यायालये होती. येथेच ‘दासी की राणी’ हे कलम कसे काम करते ते दिसते. सप्टेंबरपूर्वी ज्या सभेला अन्याय दिसत होता, त्याच सभेला सप्टेंबरनंतर तो दिसेनासा झाला. अन्याय बदलला नव्हता. ज्याच्यावर होत होता तो बदलला होता. आता पणाला लागलेली माणसे आपली नव्हती. त्या लक्ष दासींच्या बाबतीत हस्तिनापूरची सभा जशी निश्चिंत होती, तशीच आमची झाली.

तरी सर्वच गप्प नव्हते. त्याच अहवालात नोंद आहे की, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले. तसे करताना त्यांच्यापैकी काहींचे प्राणही गेले. त्यांची नावे कोणत्याही चौकाला दिलेली नाहीत. त्यांनी विदुराचे भाषण ऐकलेले असण्याचा संभव कमी आहे. मागावर शेजारी बसणारा मनुष्य कोणत्या जातीधर्माचा, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि म्हणून दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न त्यांना सुटला. विद्वान सभासदांना जे जमले नाही ते यांना जमले, याचे कारण धर्माची सूक्ष्मता त्यांना ठाऊक नव्हती हे तर नसेल ना, असे कधी कधी मनात येते. भीष्माला ती पुरेपूर ठाऊक होती.

आजचा कायदा मौनाविषयी फार थोडे बोलतो. काही ठराविक गंभीर गुन्ह्यांची माहिती ज्याला असेल त्याने ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला कळवावी, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३९ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३ व्या कलमातही आहे. कायदा याहून पुढे जात नाही, आणि जाऊही नये. गप्प बसणाऱ्या प्रत्येकाला तुरुंगात घालणारे राज्य बोलणाऱ्यालाही बाहेर ठेवणार नाही. कायदा जेथे थांबतो तेथून पुढचा प्रांत मोठा आहे. कचेरीत वरिष्ठाने खोटी नोंद करावयास लावलेला कारकून, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत ‘अमक्यांना घर देऊ नका’ हा ठराव ऐकणारा सभासद, बार रूममध्ये सहकाऱ्याची लबाडी जाणणारा वकील, यांचे पेच त्या प्रांतातले आहेत. त्यांना प्राचीन ग्रंथांतून नियमांची यादी काढून देण्यात अर्थ नाही. ती यादी त्या काळाची आहे आणि तिच्यातील बराच भाग टाकण्याच्याच योग्यतेचा आहे. त्यांना विदुराचा हिशेब मात्र सांगता येईल. सभेत बसला आहात, तर वाटा तुमच्याकडे आलेलाच आहे. तो ठेवावयाचा की परत करावयाचा, एवढेच तुमच्या हाती आहे.

कर्वेबाईंना हे पटले नसते असे मी मानीत नाही. भीष्माच्या आयुष्यात स्त्रियांवर झालेल्या अन्यायांची यादी त्यांच्याइतक्या निर्भयपणे मराठीत क्वचितच कोणी मांडली असेल. द्रौपदीच्या बाबतीत मात्र, संकटात सापडलेल्या स्त्रीने कसे वागले असते तर ती निभावली असती, असा एखाद्या अनुभवी वडीलधाऱ्या बाईने करावा तसा विचार त्यांनी केला, असे मला वाटते. तो विचार मायेचा आहे आणि व्यवहाराचाही आहे. माझी तक्रार एवढीच की, अशा वेळी आपण नेहमी ओढून आणलेल्या माणसालाच सांगतो की तू जरा वेगळ्या शब्दांत बोलावयास हवे होतेस. बसलेल्यांना आपण काहीच सांगत नाही. त्या निकालाचा एवढा भाग फिरवून मिळावा, अशी माझी विनंती आहे. प्रश्न बरोबर होता. तो अपुरा होता, पण बरोबर होता. चूक सभेची होती.